वालाचा फोटू

येसाजीच्या परसातल्या वालावर मावा पडला होता. शेंड्याशेंड्याला काळे किडे चिकटलेले, आणि रविवारी व्याही पोपटीला, म्हणजे जाळात भाजलेल्या वालाच्या शेंगा खायला, यायचे होते. मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्याखाली माणगावच्या बाजारातल्या शेंगा निघाल्या असत्या, तर व्याह्यांना वर्षभर पुरेल एवढा विषय मिळाला असता.

नशिबाने गावात 'पीकसखा' अ‍ॅप आलं होतं. ते शिकवायला सुचिताताई थेट पुण्याहून आल्या होत्या.

"काका, आता दुकानात औषधाला धावायचं नाही. पानाचा फोटो काढा, पुढचं अ‍ॅप बघेल."

येसाजीने किडक्या वेलाचं पान खुडून आणलं. त्याच्या बायकोने, मनुबाईने, ते त्याच्या हातातून ओढलंच.

"असलं घान पान पाठवताव? पुन्याची मानसं बघतील!"

तिने पान धुतलं, पदराने पुसलं आणि पाहुण्यांच्या ताटात मांडलं. फोटो गेला. अ‍ॅपने विचार करायला क्षणही घेतला नाही: 'अभिनंदन! आपले पीक निरोगी आहे.'

"मंग ह्ये किडं कुनाचं?" येसाजीने विचारलं.

सुचिताताईंनी वालाकडे लांबून पाहिलं आणि फोनकडे जवळून. "अ‍ॅप फार अचूक आहे हो, काका. रोज फोटो पाठवत राहा."

मनुबाई रोज पान धूत राहिली. अखेर अ‍ॅपने येसाजीला 'आदर्श बागायतदार' ठरवलं आणि शनिवारी बाग बघायला मोठे साहेब येणार असल्याचं कळवलं. तेव्हा कुठे सुचिताताई वेलाजवळ गेल्या.

"अहो काका, इथे तर मावा आहे!"

"व्हय. मी कवाचा सांगतोय."

"पण अ‍ॅपमध्ये नाहीये ना! आता फवारू या का?"

"आनि रविवारी व्याह्यांना औषध चारू?"

सुचिताताई फोनमध्ये दुसरा उपाय शोधू लागल्या. मनुबाईला मात्र एकच कळलं, की साहेब येणार आणि परस घाण आहे. तिने मोटरची नळी लावली आणि म्हशीला घालावी तशी अख्ख्या वालाला आंघोळ घातली. खालून, वरून, पान उलटून. मावा पाटातून वाहून गेला.

साहेबांनी येऊन स्वतः फोटो काढला. 'आपले पीक निरोगी आहे,' अ‍ॅप म्हणालं. पहिल्यांदाच खरं बोललं, पण कौतुक त्याचं झालं नाही. ते साहेबांनी स्वतःचं करून घेतलं.

रविवारी पोपटी झकास जमली. व्याह्यांनी बोटं चाटत विचारलं, "आमच्या वालावर लई मावा हाय, येसाजीराव. तुमी काय मारलंत?"

"काय न्हाय," येसाजी ऐटीत म्हणाला. "अ‍ॅपवर फोटू धाडला."

"पन पान धुऊन धाडा हां," मनुबाई आतून ओरडली. "न्हायतर गुन न्हाय येत."