एक नंबरचा डबा

बाळाच्या दुधाच्या पावडरीचा डबा काउंटरवर ठेवून पिशवीत हात घातला, तेव्हा सिस्टरच्या लक्षात आलं की पर्स घरीच राहिली आहे. पिशवीत चष्मा होता, हातरुमाल होता, बटणांचा फोन होता, पावसाळा नसताना ठेवलेली छत्री होती आणि दुकानाचं पॉइंटचं कार्ड होतं. पर्स तेवढी नव्हती.

सिस्टर डगमगल्या नाहीत. एकतीस वर्षं त्यांनी बाळंतिणींचा वॉर्ड सांभाळला होता. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी शेजारीपाजारी, बँकेतला कारकून, इतकंच काय जावईसुद्धा त्यांना सिस्टरच म्हणायचा. अशा बाईचं पर्सवाचून काही अडत नाही. त्यांनी कार्ड पुढे केलं.

"पॉइंटमधून घे. नऊ वर्षांचे साठलेत. एकदाही वापरले नाहीत."

काउंटरवरच्या मुलीने कार्ड घासलं, डबा यंत्रापुढे धरला, आणि यंत्राने नाराजीचा एक लांब सूर काढला. मुलीच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. दुकानाला आग लागली असती तरी तिने आधी पावती दिली असती, असा तो चेहरा होता.

"याला पॉइंट चालत नाहीत."

"कमी पडले?"

"पॉइंट भरपूर आहेत. असे अकरा डबे येतील. पण एक नंबरला चालत नाहीत. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचं दूध. दोन नंबर घ्या, त्याला चालतात."

"बाळ तीन आठवड्यांचं आहे. दोन नंबरचं होईपर्यंत त्याने काय करायचं, वाट बघायची?"

"नियम आहे," मुलगी म्हणाली.

सिस्टरनी घड्याळ पाहिलं. अकरा वाजून पाच मिनिटं. बाळ साडेअकराला उठणार. घर दोन थांब्यांवर, बस दर पंचवीस मिनिटांनी. पर्स आणायला जाऊन परत यायचं आणि पुन्हा जायचं म्हणजे तास सव्वा तास. घरी मुलगी एकटी, पोटावर टाके. औषधं अशी जहाल चालू होती की डॉक्टरांनी अंगावर पाजायला सक्त मनाई केलेली.

"पॉइंट कशाकशाला चालतात, ते तरी सांग."

"सगळ्याला. चॉकलेट, उशा, मच्छर मारायची रॅकेट, बिअर. मांजराच्या पिल्लाचं दूध."

"मांजराच्या पिल्लाचं दूध?"

"हो. त्यावर आज दुप्पट पॉइंट मिळतात."

मागे रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी छत्री काउंटरवर आडवी ठेवली. म्हणजे हा काउंटर आता बंद, असा त्याचा अर्थ रांगेतल्या सगळ्यांना न सांगता कळला.

"मॅनेजरना बोलवते," मुलगी म्हणाली.

मॅनेजर तिशीतला, टाय घातलेला, दोन्ही हात समोर जुळवून चालणारा. त्याने डबा पाहिला, कार्ड पाहिलं, छत्री पाहिली.

"मॅडम, हा आमचा नियम नाही, कायदाच आहे. एक नंबरच्या डब्यावर सवलत, कूपन, पॉइंट काहीच देता येत नाही. असं काही फुकट मिळालं की आयांना अंगावरचं सोडून डब्याचा मोह होतो."

"मॅडम नाही, सिस्टर. आणि मला काय मोह होणार? मी एकसष्ट वर्षांची आहे."

"तुम्हाला नाही हो, साधारण आयांना."

"नियम कशासाठी झाला ते मला तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. कंपन्यांची माणसं वॉर्डात येऊन फुकट डबे वाटायची. एकाला मी बॅगेसकट जिना दाखवला होता. असा नियम करा म्हणून आम्ही नर्सबायांनी अर्ज केला होता, त्यावर सही आहे माझी."

"मग तर तुम्हीच समजून घ्याल," मॅनेजर मोकळा होत म्हणाला.

"समजून घ्यायला मी तयार आहे. बाळ तयार नाही."

रांगेत ट्रॉली घेऊन उभ्या असलेल्या बाई पुढे झाल्या. "जाऊ द्या हो, मी भरते पैसे. नंतर द्या सावकाश."

"उपकार नकोत, ताई. राग मानू नका. मी मागायला आलेले नाही. माझ्याकडे आहे, नऊ वर्षांचं आहे, ते का चालत नाही एवढंच विचारतेय."

तेवढ्यात पिशवीतला फोन वाजला. सिस्टरना एका कानाने कमी ऐकू येई, म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर. पलीकडून आधी बाळाचं रडणं आलं, मग मुलीचा आवाज.

"आई, पर्स इथेच आहे गं तुझी. आणि हा आत्ताच उठलाय. डब्यात एकच चमचा उरलाय."

"आले," सिस्टर म्हणाल्या आणि फोन छत्रीशेजारी ठेवला.

रडणं ऐकून मॅनेजरलाही कसंनुसं झालं असावं. काहीतरी धीराचं बोलावं म्हणून तो प्रशिक्षणात शिकवलेलं वाक्य बोलला. "पहिले सहा महिने आईचं दूध हेच सर्वोत्तम. आईने प्रयत्न सोडू नयेत."

सिस्टर त्याच्याकडे बघतच राहिल्या. हे वाक्य त्यांचं होतं. शब्दन् शब्द त्यांचा. वॉर्डातल्या भिंतीवरच्या तक्त्यावर पट्टी आपटत त्यांनी ते हजारो बायकांना ऐकवलं होतं. त्यातल्या कित्येक जणी मान खाली घालून बसायच्या, आणि सिस्टरना वाटायचं, पटलं बरं का हिला. वाक्य खोटं नव्हतंच. पण ते समोरून अंगावर येतं तेव्हा कसं लागतं, हे त्यांना आज पहिल्यांदा कळत होतं. घरी तीन आठवडे सिस्टर स्वतःच्या मुलीशी दुधाबद्दल चकार शब्द बोलल्या नव्हत्या. बोलायला गेलं की तोंडात हे एकच वाक्य यायचं, म्हणून गप्प राहायच्या. आणि आई गप्प राहते याचा मुलगी काय अर्थ लावत असेल, तेही आत्ता, या काउंटरपाशी, लख्ख दिसलं.

"ऐक," सिस्टर म्हणाल्या. वॉर्डातला आवाज होता तो, दुकानाच्या दुसऱ्या टोकाला भाजी निवडणारा माणूससुद्धा थांबला. "माझी मुलगी तीन आठवड्यांपूर्वी मरता मरता वाचली. ती जगावी म्हणून औषधं चालू आहेत, आणि बाळ जगावं म्हणून हा डबा. तिने कसलाही प्रयत्न सोडलेला नाही. तिचं काहीही चुकलेलं नाही. उद्या कोणी तिला वाकडा शब्द बोललं तर गाठ माझ्याशी आहे."

छत्रीशेजारून बारीक आवाज आला.

"आई. फोन चालू आहे."

"राहू दे."

"ऐकलं मी."

"बरं झालं. लंगोट बदल त्याचा, तोवर आलेच." सिस्टरनी फोन बंद केला आणि नाक पुसलं.

मग रांगेतला प्लंबर खाकरला. कमरेला पाने-पक्कड, खांद्यावर नळीचं वेटोळं, हातात टोपली. "सिस्टर, उपकार नकोत म्हणता, तर व्यवहार करू. माझी टोपली तुम्ही पॉइंटवर घ्या. डबा मी रोख घेतो. मग अदलाबदल."

"पॉइंट दुसऱ्याला देता येत नाहीत," मॅनेजर म्हणाला. "नियम बारा."

"देतंय कोण?" सिस्टरनी प्लंबरच्या हातातून टोपली काढून घेतली. "ही टोपली माझी. मला हवीय."

मुलीने एकेक वस्तू यंत्रापुढे धरायला सुरुवात केली. दाढीचा साबण, ब्लेडची पाकिटं, पुरुषांचे मोजे तीन जोड.

"मॅडम, हे तुमच्यासाठी?" मॅनेजरने विचारलं.

"दाढीचा साबण घ्यायला दाढी असावी लागते, असा नियम आहे का? असला तर नंबर सांग."

मॅनेजरने मुलीकडे पाहिलं. मुलगी म्हणाली, "नाहीये, सर." मग सिस्टरना म्हणाली, "टोपली डब्याच्या निम्म्यालाही पोचत नाही."

प्लंबर तडक आत गेला आणि येताना एक फुलाफुलांची उशी घेऊन आला. "बायको कधीची मागतेय," तो थोडा लाजत म्हणाला. तरीही कमी पडत होतं. मग ट्रॉलीवाल्या बाईंनी त्यांचा झाडू पुढे केला. "हा माझा घ्या. त्याचे पैसे मी डब्याच्या बिलात घालते." त्यांच्या मागच्या गृहस्थांनी विचारलं, टॉर्चचे सेल चालतील का. त्यांच्याही मागून एक बाई म्हणाली की तिलाही एक नंबरचा डबा हवाय, आणि पॉइंट आहेत, तर कोणाला उशी घ्यायची आहे का.

आपल्या दुकानात आपल्या डोळ्यांदेखत बाजार भरतोय हे पाहून मॅनेजरने मुख्य कचेरीला फोन लावला. पाच मिनिटं त्यातून बासरी ऐकू आली. मग एक आवाज म्हणाला, पहिले सहा महिने आईचं दूध हेच सर्वोत्तम.

"ते झालंय आमचं," मॅनेजर घाईघाईने म्हणाला. "इथे एक गृहस्थ एक नंबरचा डबा घेतायत."

"पॉइंटवर?"

"नाही. रोख."

"मग अडचण काय आहे?"

मॅनेजरने फोन ठेवला. मुलीने दोन पावत्या फाडल्या. प्लंबरने डबा सिस्टरना दिला, सिस्टरनी उशी आणि मोजे प्लंबरला दिले, झाडू बाईंना गेला. सिस्टरनी छत्री उचलली आणि रांग पुढे सरकली.

त्या दारापर्यंत पोचतात तोच मागून धावत पावलं आली.

"सिस्टर, बस निघून गेली असेल. माझी गाडी आहे, सोडतो तुम्हाला."

सिस्टरनी मॅनेजरकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काय काम आहे?"

तो टायशी चाळा करत राहिला. "आमचंही बाळ वीस दिवसांचं आहे. वजन भरत नाही. डॉक्टर म्हणाले अंगावर पाजा, आणि जोडीला वरचंही द्या. बायकोही तेच म्हणते. मीच म्हटलं, जरा प्रयत्न कर. रोज म्हणतो. दोन दिवस झाले, ती माझ्याशी बोलत नाहीये."

"ते वाक्य तू घरीही म्हणतोस?"

"हो."

सिस्टरना त्याला फाडून खावंसं वाटलं, पण स्वतःच्या एकतीस वर्षांच्या हिशेबात तो बिचारा वीस दिवसांचाच गुन्हेगार होता. त्यांनी घड्याळ पाहिलं.

"दोन मिनिटं देते. आत जा, एक नंबर घेऊन ये. मला घरी सोड, मग तडक बायकोकडे. गेल्यावर आधी माफी माग, मग पाणी उकळ."

मॅनेजर आत पळाला. फळीवरून डबा घेऊन रांगेत शिरू लागला, तर नळीचं वेटोळं आडवं करून प्लंबरने त्याला शेवटी पाठवलं, आणि मग बाकीच्यांनीच दया येऊन पुढे सोडलं. त्याने काउंटरवर डबा ठेवला आणि सवयीने स्टाफचं कार्ड पुढे केलं.

मुलीने कार्ड घासलं. यंत्राने लांब सूर काढला. तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"सवलत चालत नाही याला," ती म्हणाली. "मॅनेजरना बोलवू का?"