झ अक्षराचे रण आणि टेबलगडाचा तह

लहानथोर, लेकुरवाळे, आणि ज्यांची लेकरे मोठी होऊन हातची सुटली ऐसे सर्व, यांसी विदित व्हावे जे, मुलांस घरी शिकवणे हे काम सांगावयास गोड आणि करावयास जहर. त्यात मूल आपले, वय पाचाचे, आणि शिकवणार जन्मदाता बाप, मग तर विचारूच नये. ऐशा एका मोहिमेचे वर्तमान, जैसे घडले तैसेच, पदरचे तिखटमीठ बेताने घालून, येथे लिहिले असे.

तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांच्या मुलखात गाडीमास्तर या किताबाने मशहूर पुरुष राज्य करीत होते. राज्य म्हणजे नावाचे. खरा शिक्का त्यांच्या पत्नी कारभारीणबाईंचा, आणि त्यांच्याही वर मास्तरांच्या मातुःश्री, ज्या बोलत थोडे, परंतु ते लागे फार. मास्तरांचा पेशा लोकांस मोटार हाकावयास शिकवण्याचा. नवशिका शागीर्द शेजारी घेऊन रहदारीच्या रणात शिरावे, आणि शागिर्दाने गाडी दुभाजकावर घालावी, खांबावर घालावी, उभ्या टेम्पोवर घालावी, तरी मास्तरांच्या कपाळी आठी नाही आणि मुखी वावगा शब्द नाही. शिकाऊ गाडीत मास्तरांच्या पायाशी जो जादा ब्रेक असतो तो दाबून संकट निवारावे आणि "होतं असं, पुन्हा घ्या" इतकेच बोलावे, ऐसी त्यांची कीर्ती. भित्री माणसे त्यांचे नाव काढीत लांबून येत. परंतु लोकां सांगे ब्रह्मज्ञान आणि आपण कोरडे पाषाण, ही गत थोरांसही चुकत नाही.

मास्तरांस एकच कन्या, भिंगरी. एका जागी ठरत नाही म्हणून हे नाव. तिची अक्षरे क पासून ज पर्यंत कारभारीणबाईंनी दुपारच्या दुपारी, हसतखेळत, सर केली होती. मग औषधांच्या दुकानातील त्यांची पाळी बदलून संध्याकाळची जाहली आणि अभ्यासाची सुभेदारी मास्तरांच्या पदरी आली. मास्तर सकाळी कन्या उठण्याआधी स्वारीवर निघत ते दिवेलागणीस परतत, त्यामुळे बापलेकीचा म्हणावा ऐसा तोच एक तास. त्या तासावर त्यांचा जीव जडला. दिवसभर परक्यांच्या चुका पोटात घालून माणूस आंबून जातो, आणि मग त्या इवल्या मुठीत पेन्सिल पाहिली की सगळा शीण उतरतो, हे त्यांनी कोणास सांगितले नाही. परंतु बखरकारापासून काय लपते!

ऐसे असता झ अक्षराने बंड केले. भिंगरी पेन्सिल सरसावून चाल करी, उभी रेघ ओढी, पोट काढी, आणि शेपटीपाशी येताच घोडे अडे. पेन्सिल जागच्या जागी थबके, खालचा ओठ थरथरे, आणि मग डोळ्यांतून गंगायमुना. आज पोटात दुखे, उद्या पायात मुंग्या येत, परवा पेन्सिलच वाईट ठरे. मास्तर शपथेवर सांगत की आपण आवाज चढविला नाही, हात उगारला नाही, आणि ते खरेही होते. शेवटी एके संध्याकाळी कन्येने साफ सुनावले, "मला बाबाजवळ नको बसायला," आणि ती जेवणाच्या टेबलाखाली शिरली. वरून चादर सोडली, चहूबाजूंनी बंदोबस्त केला, आणि टेबलगड जाहीर जाहला.

 वरकरणी मास्तर हसले, परंतु जेवताना घास उतरेना. एरवी ज्या टेबलावर जेवायचे ते शत्रूच्या ताब्यात, म्हणून ताट मांडीवर घेऊन भिंतीशी बसले होते, ही बाब निराळी.

कारभारीणबाई दुकानातून परतल्या, वर्तमान ऐकिले, आणि उभ्या उभ्याच फर्मान काढले ते येणेप्रमाणे: अक्षर गेले खड्ड्यात, पोरीच्या मनात अभ्यासाची धास्ती बसता कामा नये, रविवारपर्यंत ती आपखुशीने बापाशेजारी न बसल्यास सुभेदारी खालच्या मजल्यावरील शिकवणीच्या बाईंकडे वर्ग होईल, मग तक्रार चालणार नाही. मास्तरांनी मान डोलविली. त्या बाई भल्या, शिकवणी नामांकित, परंतु आपला तास जिना उतरून परक्या घरी जाणार, या विचाराने त्यांच्या तोंडचे पाणी पळाले.

मग मास्तरांनी कंबर कसली आणि मोबाईलवरील थोर थोर पंडितांची मसलत घेतली. पंडित म्हणाले, वाणी मृदू ठेवा. मास्तरांनी वाणी इतकी मृदू केली, की मातुःश्रींनी कपाळास हात लावून ताप पाहिला. पंडित म्हणाले, शाबासकी द्या. मास्तरांनी चमकत्या चांदण्यांचे पाकीट आणिले. भिंगरीने चांदण्या स्वीकारल्या, नाकावर चिकटवल्या आणि गडावर परत गेली. पंडित म्हणाले, मुलास रुसावयास निवांत कोपरा करून द्या. कोपरा तर तिने आधीच काबीज केला होता, तेव्हा मास्तरांनी तेथे उशा धाडल्या, बिस्किटे धाडली, विजेरीही धाडली. आणि गनिमाच्या किल्ल्यास आपणच रसद पुरवणारा ऐसा सरदार पूर्वी जाहला नाही.

या नजराण्यांपायी कन्या मधून मधून बाहेर येई, खुर्चीवर बसे, रेघ ओढी, पोट काढी, शेपटीपाशी थबके, खाली पाही, आणि पुन्हा गडावर. मास्तरांची मती गुंग. दुनियेतल्या भित्र्यांस आपण धीट केले आणि पोटचे पोर आपल्यास भिते, हे काय गौडबंगाल! आपण बाप म्हणूनच नालायक, ऐसेही एकदा मनात आले, आणि ते फार लागले.

शनिवारी सायंकाळी मास्तर गडासमोर उकिडवे बसून वाटाघाटी करीत होते. मातुःश्री शेंगा सोलीत होत्या, त्यांच्याने राहवेना.

"अरे, तिला बाहेर काय ओढतोस? तूच जा की आत."

आज्ञा शिरसावंद्य मानून मास्तर ओणवे जाहले. दरवाजा चिंचोळा, सरदार रुंद. खांदे अडकले, कपाळ टेबलाच्या कडेवर आदळले, तिसऱ्या रेट्यास देह आत आणि एक चप्पल बाहेर, ऐसा प्रवेश जाहला. आत उशांचा पसारा आणि बिस्किटांचा भुगा. भिंगरीने विजेरी तोंडावर मारून कडक चौकशी केली.

"झ काढायला आलायस?"

"नाही गं. कपाळ शेकायला."

हा जवाब तिला पटला. तिने टेंगळावर फुंकर घातली आणि मग खेळाचा हुकूम सोडला: ती मास्तर, बाप शागीर्द. हाती ताटली दिली, ती चाक. गाडी निघाली. मास्तरांनी ताटली जरा डावीकडे वळवली, तोच शेजारी भिंगरीने टाच आपटली, धाड! मास्तर थांबले. पुन्हा निघाले, पुन्हा धाड. तिसऱ्यांदा ताटली हलण्याआधीच धाड! वीस वर्षे रस्ते पालथे घातलेला पुरुष, परंतु एक ताटली हाकता येईना. हात आखडले, आता आपटेल, मग आपटेल, याकडेच सारे चित्त.

"अगं, मी काही केलं तरी का? सारखी थांबवतेस काय?"

"तू पण करतोस ना," भिंगरी म्हणाली. "मी झ काढते तेव्हा तुझा पाय असाच करतो. मी अजून चुकलेली पण नसते, बाबा."

मास्तरांनी विजेरी आपल्याच पायावर धरून पाहिली. दिवसभर जो पाय ब्रेक दाबी, तो घरी येऊनही फरशीवर ब्रेक दाबीत होता. मुख मध बोले, आणि टेबलाखाली पाय धाडकन 'थांब' म्हणे. शागिर्दांस ज्या पायाने वाचविले, त्याच पायाने लेकीचे अक्षर वाटेत अडविले, आणि धन्यास पत्ता नाही. त्यांस लाज वाटली, आणि लाजेहून अधिक तिची कीव आली, की इतके दिवस हे पोर पेन्सिल धरून कान फरशीकडे लावून बसत होते. त्यांनी तिला जवळ ओढले आणि सांगितले, की चूक तिची नव्हे, बाबाच्या पायाची. भिंगरीने पायास दोन चापट्या मारून न्याय केला.

आता पायाचा बंदोबस्त काय करावा, यावर मसलत बसली. मांडी घातली, तरी अंगठा वळवळे. पायावर उशी ठेविली, तर उशी उडे. तेव्हा भिंगरीनेच तोड काढिली, की पालथे पडावे. पालथ्या माणसास ब्रेक लागत नाही. तह जाहला. कारभारीणबाई परतल्या तेव्हा चादरीखालून पायांच्या दोन जोड्या बाहेर, एक थोर, एक धाकटी, आणि आत खुसखुस.  त्यांनी जेवणाची पाने मुकाट भिंतीशी मांडिली.

रविवारी, मुदतीच्या दिवशी, गडावरच लढाईस तोंड लागले. बापलेक शेजारी पालथे. भिंगरीने रेघ ओढली, पोट काढले, शेपटीपाशी आली, आणि शेपटी भलत्याच दिशेस नेली. मास्तरांची बोटे चादरीत रुतली, दातांखाली ओठ आला, परंतु ब्र काढिला नाही. भिंगरीने मान वाकडी करून पाहिले.

"अय्या, हा तर उलटाच झाला!"

आणि खोडरबर घेऊन आपणच खोडले. दुसरा झ लंगडा निघाला, त्यास हसली, तोही खोडला. तिसरा उभा राहिला. जरासा कललेला, परंतु आपल्या पायांवर. मातुःश्रींनी गुडघ्यांची पर्वा न करता वाकून पाहिला आणि छान आहे म्हणाल्या, जो शब्द त्यांच्या मुखातून मास्तरांनी स्वतःच्या बाबतीत आजवर ऐकिला नव्हता.

सोमवारी एका शागिर्दाने गाडी भाजीच्या ढिगात घातली, ते निस्तरता मास्तरांस बराच उशीर जाहला. जिना चढताना मनात धाकधूक, की तास बुडाला, पोर रुसली असेल. दार उघडले तो भिंगरी वहीपेन्सिल घेऊन चादरीबाहेर डोके काढून वाट पाहत होती.

"किती उशीर! कधीची पालथी पडलेय मी तुझ्यासाठी. चल ना!"

मास्तर हातपाय धुवावयासही थांबले नाहीत.

येणेप्रमाणे झ अक्षर सर जाहले. खर्ची पडले ते अर्धे खोडरबर, चांदण्यांचे एक पाकीट, आणि मास्तरांच्या कपाळी एक टेंगूळ. शिकवणीच्या बाईंस निरोप गेला, की तूर्त गरज नाही. घरची मंडळी अद्याप भिंतीशी जेवतात, कारण टेबल रिकामे करून देण्याचे कलम तहात घालावयाचे राहून गेले. अभ्यासाची सुभेदारी गाडीमास्तरांकडे कायम जाहली; ती कोणाच्या फर्मानाने नव्हे, तर कन्येने आपखुशीने शेजारी जागा दिली म्हणून, हे दफ्तरी नमूद असे.