डोमाजीभाऊचं भारमान

आमच्या इकडचं काही लिहिलं का वाचणारे पयले वाघ शोधतात. दोन पानं झाली अन् वाघ नाई आला, तं म्हणतात या लेखकाले जंगलातलं काही माहीत नाई. म्हणून आधीच सांगून टाकतो. यात वाघ येत नाई. बसही येत नाई. तरी वाट पाहाचीच असन, तं आमच्या गावात चिचेच्या झाडाखाली डोमाजीभाऊच्या बाजूले जाऊन बसा. जागा भरपूर हाय.

डोमाजीभाऊ आमच्या गावचे ढिवर, म्हणजे तलावात मासे धरणारे. साठी उलटली, अंगात बंडी, खांद्यावर दुपट्टा अन् डाव्या मनगटावर घड्याळ. सगळी दुनिया घड्याळ पाहून ठरवते का गाडी लेट हाय. डोमाजीभाऊ गाडी पाहून घड्याळ लावत. आमच्या गावाले मुक्कामी गाडी होती. म्हणजे संध्याकाळी सातले तालुक्याहून यायची, ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपायचे अन् सकाळी सहाले गाडी परत जायची. गाडी साडेसातले आली तं भाऊ काटा मागं फिरवून सातवर आणत. आठले आली तरी सातच.

"गाडी टायमावर हाय," ते म्हणत, "घड्याळच पुढं पळून राह्यलं."

त्या हिशेबानं ती गाडी त्यायच्या जिंदगीत एकदाही लेट झाली नाई. मी एकदा इचारलं, "भाऊ, असं केलं तं तुमचा दिवस चोवीस तासाचा कसा भरते?"

"तुले कुठी जाची घाई हाय बे, नकल्या?"

नकल्या म्हणजे मी. मी नकला करतो. बारावीपर्यंत सिंदेवाहीले शिकलो, म्हणजे रोज त्याच गाडीनं गेलो अन् मास्तरायच्या नकला शिकून आलो. मले बकरी जमते, सरपंच जमते, गिअर बदलताना गाडी जशी कण्हते तेही जमते. डोमाजीभाऊ तं मी झोपेतही करून दाखवतो. पान डावीकडं, मान उजवीकडं, अन् तोंडात एकच शब्द. भारमान.

हा शब्द त्यायले एका कंडक्टरनं देला. गाडीत जागा किती अन् त्यात बसलेले किती, त्याले डेपोत भारमान म्हणतात. कंडक्टर जेवता जेवता बोलून गेला का भाऊ, भारमान नसलं तं गाडी टिकत नाई. बस, तेव्हापासून भाऊले दुनियेतली हरेक गोष्ट भारमानात दिसू लागली. लग्नाची पंगत पाहून म्हणत, "भारमान बरं हाय." एकादशीले मंदिरात चार म्हातारे टाळ घेऊन बसले, तं दारातूनच, "देवाचं भारमान घसरलं राजेहो." मी बारावीत कसाबसा पास झालो तेव्हा माझ्या डोक्यावर टिचकी मारून म्हणाले, "वरचं भारमान कमी हाय, पन गाडी पोहोचली."

आता मुक्कामी गाडीची एक रीत असते. ड्रायव्हर-कंडक्टरचं जेवण गाव देते. आमच्या गावात घरोघरी पाळी होती. आज याच्याकडं, उद्या त्याच्याकडं. हळूहळू काय झालं, कोणाच्या घरी बाळंतीण, कोणाच्या घरी धान रोवण्याची गडबड, कोणाले कंटाळा. प्रत्येकानं आपली पाळी भाऊकडं सरकवली. भाऊ एकटेच. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, पोरगी वरोऱ्याले देली. सगळ्याइची पाळी त्यायनं घेतली अन् रोज गावभर बोंबलत फिरले.

"माया घरी का खानावळ हाय? या गावाले लाज हाय का नाई?"

बोंबलत बोंबलत झिंगे निवडत. कंडक्टरले शुगर होती, तं भाऊच्या घरी साखर यायचीच बंद झाली. स्वतःही बिनसाखरेचा चहा पिऊ लागले, वरून म्हणत का साखरेनं चहाची चव जाते. एक ड्रायव्हर वरोऱ्याकडचा होता. तिकडं कापूस, सोयाबीन अन् पोळी. आमच्या धानाच्या मुलखात भातावर भात. त्या माणसाचं भातानं पोट भरे ना. भाऊनं साठाव्या वर्षी पोरीले फोन लावून पोळी शिकली. फोन कानाले, कणीक कोपरापर्यंत. पयल्या पोळ्या गोल नोत्या. ड्रायव्हर म्हणाला, "भाऊ, टायर गोल हाय तेवढं पुरे."

हे मी सगळं नकलेत करतो. लोक लय हासतात. मीही हासत होतो.

मंग डेपोतून कागद आला. कोणता डेपो ते लिहीत नाई, मले अजून तिथूनच गाडी पकडावी लागते. वरून पैसा कमी आला, म्हणून ज्या मुक्कामी गाड्याइचं भारमान कमी हाय त्या बंद करायच्या. आठ दिवस पाहणी होईल, त्यात कधी तरी एक दिवस साहेब स्वतः गाडीत बसून मोजतील. कागद ग्रामपंचायतीच्या भिंतीवर चिकटवला. पोट्ट्याइनं वाचला अन् पुढं गेले. लोक थकलेले होते. रस्त्याचा कागद येऊन गेला, दवाखान्याचा येऊन गेला, आता गाडीचा. कोणी काही बोललं नाई.

भाऊ बोलले. घरोघरी गेले.

"आठ दिवस. फकस्त आठ दिवस गाडीत बसा. काम असो का नसो."

"पन जाचं कुठी, भाऊ?"

"कुठीबी जा. वापस ये, मंजे झालं."

अन् गाव खरंच गाडीत बसलं. ज्याइले दात होते ते दात दाखवाले गेले, ज्याइले नोते तेही गेले. मासे विकणाऱ्या बाया रोजच जायच्या, आता त्याइच्या सासवाही टोपल्या धरून निघाल्या. आमच्या शेजारची यशोदाबाई एका हप्त्यात तीन वेळा नागभीडले बहिणीकडं गेली. तिसऱ्या वेळी बहीण म्हणे, "भांडून आली का व घरून? खरं सांग." मले भाऊनं रोज सकाळी सिंदेवाहीले पाठवलं. तिथी करायचं काही नोतं. भाताच्या संशोधन केंद्राच्या कुंपणाशी उभं राहून मी धान वाढताना पाह्यला. संध्याकाळी परत.

सात दिवस गाडी खच्चून भरली. भाऊ दाराजवळच्या सीटवर बसून माणसं मोजत अन् जो काळी-पिवळी जीपमधून येताना दिसे त्याच्याशी दोन दिवस बोलत नसत.

आठव्या दिवशी सकाळी साहेब आले. जीपनं आले, हातात फाईल, पायात पॉलिश केलेले बूट. गाडी चिचेखाली उभी होती अन् आत मुंगी शिराले जागा नोती. साहेब पायरीवर चढले अन् दांडा धरून उभे राह्यले. मी मागच्या सीटवरून पाहत होतो. मनात म्हटलं, गाडी वाचली.

पण भाऊनं साहेबाले उभं पाह्यलं.

"अबे उठ," ते सरपंचाच्या पोराले म्हणाले. "साहेब उभे हायेत, दिसत नाई?" पोट्टा उठला. साहेब म्हणाले, "असू द्या, असू द्या." भाऊ ऐकतात कुठी. गावात पाव्हणा आला अन् उभा राह्यला, हे त्यायच्या अख्ख्या खानदानात कधी झालं नोतं. बाजूच्या दोघाइलेही उठवलं, साहेबाले हातपाय पसराले पायजे. मंग माशाच्या टोपल्याइकडं पाह्यलं. "बायाहो, तुमी उतरा व. साहेबाले वास येईन. फाट्यावरून जीपनं जा आज." बाया उतरल्या, त्याइच्या मागं सासवा उतरल्या. पोट्ट्याइले म्हणाले, "गलबला करता, चला, उतरा." यशोदाबाई आपणहून उतरली, तिले बहिणीकडं जायचं तोंड राह्यलं नोतं.

मी मागून ओरडलो, "भाऊ, भारमान."

"चूप बस. मानूस आलं घरी."

गाडी निघाली तेव्हा आत साहेब, भाऊ, मी, दोन म्हातारे अन् एक शाळेतली पोरगी. साहेबानं सीटा मोजल्या. प्रत्येक रिकाम्या सीटवर पेनाचं टोक दाखवत मोजल्या. भाऊ त्याइच्या समोर हात जोडून बसले होते अन् इचारत होते का खिडकीतून वारा जास्त तं नाई येऊन राह्यला. साहेब चांगले माणूस होते. उतरताना म्हणाले, "तुमच्या गावचे लोक फार अदबशीर आहेत. पण प्रवासी नाहीत हो."

भाऊले ते तिथी समजलं नाई. संध्याकाळी परत येताना, अर्ध्या रस्त्यात, खिडकीबाहेर पाहता पाहता ते एकच शब्द बोलले.

"भारमान."

तो शब्द मी पयल्यांदा नकल न करता ऐकला.

पुढच्या महिन्यात गाडी बंद झाली. आता फाट्यापर्यंत सात किलोमीटर चालायचं, मंग जीप भरेपर्यंत थांबायचं. मासेवाल्या बायाइचे मासे जीप भरायच्या आत मऊ पडतात. शाळेतल्या पोरी सकाळी अंधारात निघतात. गावातल्या कोणी भाऊले दोष देला नाई. देला असता तं बरं झालं असतं, कारण भाऊनं बोंबलणंच बंद केलं. पाळीवरून नाई, खानावळीवरून नाई. घड्याळ कशावर लावायचं ते समजे ना, म्हणून काढून देवळीत ठेवून देलं. तरी दिवस बुडाला का चिचेखाली येऊन बसत. अंधार पडला का उठून घरी.

आता माझी गोष्ट येते, अन् ती काही चांगली नाई.

दोन महिने झाले असतील. पानठेल्यावर आम्ही बसलो होतो, मी अन् माझा दोस्त परश्या. काम नाई, पाऊस नाई, मोबाईलमधला पॅक संपत आलेला. परश्या म्हणे, "साहेबाची नकल कर ना बे." मी केली. तो हासून हासून लोळला. म्हणे, "माया फोनवरून डोमाजीभाऊले लाव. माया नंबर त्यायच्याजवळ नाई."

मी लावला. दुपारचे तीन वाजले होते. गळा जरा दाबला, नाकात शब्द घेतले.

"डोमाजी का? डेपोतून बोलतोय. तुमच्या गावची मुक्कामी गाडी आजपासून पुन्हा सुरू करतोय. दोन माणसं येतील, त्यांच्या जेवणाची व्यवस्था पाहा. बाकी, तुमचं जेवण झालं का?"

मंग भाऊ म्हणाले, "झालं साहेब. पाठवा."

आम्ही हासलो. परश्यानं माझी पाठ थोपटली. मंग चार वाजले, पाच वाजले, अन् मले बसवे ना. सहाले मी चिचेखाली पाह्यलं, भाऊ तिथी नोते. इतक्या दिवसात पयल्यांदा नोते. परश्याले म्हटलं, चल, सांगून येऊ. तो म्हणे, तूच बोलला, तूच जा.

शेवटी साडेसातनंतर मी एकटाच गेलो. घरापुढच्या सपरीत सडा टाकलेला. खाटेवर दोन सतरंज्या घडी करून ठेवलेल्या, त्यावर दोन उश्या. आत चुलीजवळ तीन ताटं मांडलेली, प्रत्येकाजवळ पाण्याचा पेला. झिंग्याचं कालवण, लाखोरीची डाळ, भात, अन् फडक्यात गुंडाळलेल्या पोळ्या. आता एकदम गोल जमत होत्या. भाऊ भिंतीले टेकून बसले होते.

"भाऊ," मी दारातूनच म्हटलं, "तो फोन साहेबाचा नोता. मी होतो."

"मालूम हाय."

"कसं मालूम?"

"इतक्या वर्षात कोन्या साहेबानं मले जेवले का म्हनून नाई इचारलं. तू इचारलं." त्यायनं पोळ्याइवरचं फडकं सारखं केलं. "बाकी आवाज बरा काढला होता."

"मंग एवढा सयपाक काऊन केला?"

भाऊनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "साहेब नाई तं नाई. फोन करनारा तं येईन म्हनलं."

माझ्याजवळ सगळ्याइचे आवाज हायेत, त्या वेळी एकही कामाचा नोता.

भाऊ उठले. देवळीतून घड्याळ काढलं, फुकून धूळ उडवली अन् मले इचारलं, "किती वाजले?"

मी मोबाईल पाह्यला. "पावणेआठ."

त्यायनं चावी ओढली, काटा फिरवून सातवर आणला, घड्याळ मनगटावर बांधलं अन् मंग जे सुरू झाले. दोन महिन्याचं साचलेलं सगळं माझ्यावर निघालं. हे तुमी माझ्या तोंडून ऐका, कारण याची नकल मी अजून कोणाले करून दाखवली नाई.

"हा काय टाईम हाय घरी याचा? पोळ्या थंड झाल्या सगळ्या. पाय धुतले का? धुळीचे पाय घेऊन आत येते, तुया बापानं शिकोलं का हे? अन् साखर मांगू नोको, या घरात साखर नाई. उद्या येनार असशील तं दुपारीच सांगाचं, मले भाताचं माप चुकते. माया घरी का खानावळ हाय? अन् एकटाच काऊन आला बे? फोनवर दोघं सांगतले होते ना? नंबर तं तुया नोता, मंग ज्याचा फोन होता तो कुठी हाय? जा, बोलाव त्याले. तिसरं ताट तसंच ठेवू का मी?"