सबनीसांची केशरी जाकिटं

पक्षी बघायला जाताना मातीच्या, पानांच्या रंगाचे कपडे घालावेत, हे शेंबडं पोरही सांगेल. दुबईतल्या अल बर्शा भागातल्या आमच्या मराठी पक्षीमंडळात मात्र सगळ्यांनी भडक केशरी जाकिटं घालायची, असा सबनीसांचा कायदा. सबनीस दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर. शनिवारी पहाटे डिकीतून जाकिटं काढून वाटायचे आणि म्हणायचे, "सेफ्टी फर्स्ट, पक्षी नंतर. यल्ला, चला."

पक्षी अर्थातच आम्हाला लांबून बघून उडून जायचे.

"अंकल, द बर्ड्स कॅन सी अस," माझी मुलगी एकदा म्हणालीच.

"बघू देत. मला तुम्ही सगळे दिसले पाहिजेत."

गळ्यात भारी दुर्बीण, पण हा गृहस्थ पक्ष्यांकडे पाठ करून, आमच्याकडे तोंड करून उलटा चालायचा. "मागे कोण राहिलं?" हा जप सतत चालू. त्यांच्या पत्नी सुलभावहिनी आमच्या मधोमध हसत चालायच्या. मला मात्र जाम वैताग यायचा. फिरायला आलोय की फायर ड्रिलला, तेच कळेना.

मागच्या महिन्यात रास अल खैमाच्या खारफुटीत एक धीवर पक्षी आम्हाला न घाबरता फांदीवर बसून राहिला. सबनीसांनीही हौसेने दुर्बीण डोळ्यांना लावली. वळून पाहिलं तर वहिनी नव्हत्या.

खाडीला भरती लागली होती. आम्ही हाका मारत पांगलो. मी वहिनींना फोन लावला, तर तो सबनीसांच्याच खिशात वाजला. शेवटी मुलीने बोट दाखवलं. दूर हिरव्या झाडीत केशरी काहीतरी दिसत होतं.

वहिनी पाण्याकाठी बसल्या होत्या, साडीचा काठ भिजलेला. "कुठे हरवला होतात सगळे?" त्यांनी आम्हालाच विचारलं.

परतताना त्या मागच्या सीटवर झोपल्या, तेव्हा सबनीस हळूच म्हणाले, "विसरायला लागलीये हो ती. बिल्डिंगसुद्धा सापडत नाही कधीकधी. तिला एकटीलाच जाकीट घातलं असतं, तर तिच्या मनाला लागलं असतं."

पुढच्या शनिवारी डिकी उघडायच्या आत आम्ही सगळे गाडीपाशी उभे होतो. माझं जाकीट वहिनींनीच आणून दिलं.

"घाला हो भाऊजी," त्या माझ्या कानाशी पुटपुटल्या. "ह्यांना उगाच काळजी लागून राहते. मी पण ह्यांच्यासाठीच घालते."