ॲम्बेसेडर ड्रिफ्टमध्ये जाते

“बाबूजी, दिवाळीपर्यंत हे धूड आंगणातून आपल्या पायानं हललं तं हललं. नाही तं मी भंगारवाल्याले बोलावतो. मंग मले काही म्हणू नका.”

अश्विन नागपुरे हे तोंडात ब्रश धरून बोलला, पण बोलला ते पक्कं. बालाघाटच्या त्यांच्या आंगणात पांढरी ॲम्बेसेडर सहा वर्षांपासून उभी होती. तिच्या बॉनेटवर पापड वाळायचे, डिकीत कांदे राहायचे आणि अश्विनची नवीकोरी गाडी बिचारी रस्त्यावर ऊन खायची.

अश्विनचे वडील भोजराज खाली मान घालून चहा पीत राहिले. उकव्याच्या मँगनीज खाणीत छत्तीस वर्षं जमिनीखाली राबून ते ओव्हरमन, म्हणजे पाळीचे मुकादम म्हणून निवृत्त झाले होते. ही गाडी मुळात खाणीच्या साहेबांची. लिलावात निघाली तेव्हा भोजराजनी घेतली. मग काय विचारता! उकव्यातल्या अर्ध्या नवऱ्या तिच्यातूनच सासरी गेल्या. तिरोडीच्या एका लग्नाला तर तिच्यात अकरा माणसं आणि एक बकरी बसली होती. बकरी पुढच्या सीटवर होती, कारण मागे बसलं की तिला गाडी लागायची.

त्याच दिवशी दुपारी इंदूरहून नातवाचा, अश्विनच्या पियुषचा फोन आला. भंगाराची बातमी त्याला आजीनं, म्हणजे शेवंताबाईंनी पुरवली होती.

“आबाजी, गाडी बिल्कुल विकू नका! मी तिले ड्रिफ्टसाठी तयार करतो. पूरा प्लॅन आहे माझ्याजवळ.”

“कायच्यासाठी?”

“ड्रिफ्ट, आबाजी! ड्रिफ्ट!”

भोजराजच्या हातातला कप बशीवर आपटला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. शहरातली पोरं भरधाव गाडी मुद्दाम आडवी घसरवतात, चाकांतून धूर काढतात आणि त्याला ड्रिफ्ट म्हणतात. ॲम्बेसेडरची मागची चाकं गाडी ढकलतात, म्हणून ती या कामाला झकास, असं पियुषचं म्हणणं. पण खाणीत ड्रिफ्ट म्हणजे मँगनीजच्या थराच्या अंगानं आडवं खणत नेलेलं बोगद्यासारखं भुयार. भोजराज छत्तीस वर्षं रोज सकाळी ड्रिफ्टमध्ये गेले आणि रोज ड्रिफ्टमधून बाहेर आले. त्यांच्या डोक्यात या शब्दाला दुसरा अर्थ शिरायला जागाच नव्हती.

“शेवंता!” ते ओरडले. “पोट्टा खाणीत येऊन राह्यला! त्याले गाडीचं काम लागलं खाणीत!”

हे ओरडणं नुसत्या आनंदाचं नव्हतं. विश्वकर्मा पूजेला घरच्या माणसांना खाण दाखवायला नेता यायचं. भोजराज दरवर्षी अश्विनला विचारायचे आणि अश्विन दरवर्षी म्हणायचा, मले अंधाराची भीती वाटते. पुढे तो मोठा झाला, कचेरीत लागला, आणि भोजराजनी विचारणं सोडून दिलं. आपण आयुष्यभर कुठे होतो हे घरातल्या एकाही माणसानं डोळ्यांनी पाहिलं नाही, ही गोष्ट त्यांना फार लागायची. आणि आता नातू म्हणतो, ड्रिफ्ट!

त्यानंतर आठवड्यातून तीनदा फोन चालू झाले. पियुषची मराठी अर्धी हिंदी, भोजराजचे कान अर्धे सुरुंगांनी गेलेले. तरी दोघांचं कसं अगदी जमायचं.

“आबाजी, गाडी हलकी पाहिजे. मागची सीट काढून टाका.”

“हौ, ड्रिफ्टमधी जागा कमीच राह्यते.”

“अंदर लोखंडी पाइपांचा पिंजरा लावावा लागेल. सेफ्टीसाठी.”

“लावतो ना बाप्पा. वरून दगड पडते.”

“दगड?” पियुष जरा थांबला. “हां, पलटी गाडी तर दगड पण लागू शकतो. आणि हेल्मेट पाहिजे.”

“माहं ठेवलेलं हाये.”

“दीवारच्या एकदम जवळून काढायची गाडी. जितकी जवळ, तितकी पब्लिक खूश.”

“वेडा झाला काय! भिंतीपासून हातभर दूर राहाय. आणि पब्लिक कायले येते तेथी?”

“येते, आबाजी, बघायले येते. बस, धूर जबरदस्त निघाला पाहिजे.”

या धुरावर मात्र भोजराजनी गंभीर होऊन फोन ठेवला. पोरगा हौशी आहे, पण कच्चा आहे, हे त्यांनी ओळखलं. ड्रिफ्टमध्ये धूर कोंडला तर माणसं गुदमरतील. तेव्हा ही गाडी आपल्या देखरेखीखालीच तयार झाली पाहिजे.

त्यांनी महागू मिस्त्रीला बोलावलं. महागू त्यांच्याच वयाचा. कोणतंही काम सांगा, तो आधी “नाही होत” म्हणायचा आणि मग करायचा. मागची सीट निघाली. शेवंताबाईंनी ती ओसरीत ठेवून घेतली आणि तिच्यावर बसून तांदूळ निवडायला लागल्या. “ह्याच सीटवर बसून आलती मी अश्विनले घेऊन दवाखान्यातून,” त्या म्हणायच्या आणि रेक्झीनवरून हात फिरवायच्या.

मग एक दिवस ट्रान्सपोर्टच्या ट्रकनं लाकडी पेटी आली. पियुषनं दिल्लीहून मागवलेलं जपानी इंजिन. भोजराजनी पेटी उघडली, वास घेतला आणि दोन पावलं मागे सरकले.

“महागू, हे तं पेट्रोलचं हाये!”

“मंग?”

“मंग काय? ड्रिफ्टमधी पेट्रोल! भडका उडन ना! डिझेल पाहिजे, डिझेल!”

संध्याकाळी पियुषचा फोन. “आबाजी, इंजिन मिळालं? आता फक्त स्वॅप करायचं.”

“स्वॅप म्हणजे?”

“अदलाबदली.”

भोजराजना वाट सापडली. पोरगाच अदलाबदली म्हणतोय! शेवंताबाईंचा भाऊ चैतराम उकव्याच्या रस्त्यावर एका खेड्यात धानाची गिरणी चालवायचा. त्याच्या गिरणीचं दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन त्याच्या बापानं बसवलेलं, अजून ठणठणीत. भोजराज पेटी घेऊन गेले आणि डिझेल इंजिन घेऊन आले. चैतरामनं एका शब्दानं खळखळ केली नाही. जपानी इंजिनावर गिरणी चालू केली त्या पहिल्या दिवशी तांदूळ पोत्यात पडायच्या ऐवजी समोरच्या भिंतीवर जाऊन आपटला, आणि कोंडा उडाला तो थेट शाळेच्या मैदानात. शाळेला सुट्टी द्यावी लागली. गावातली लेकरं चैतरामला मामा म्हणायला लागली.

इकडे महागू दोनदा “नाही होत” म्हणाला आणि त्यानं गिरणीचं इंजिन ॲम्बेसेडरमध्ये बसवलं. बॉनेट लागेना, म्हणून त्याला भोक पाडलं. धुराची नळी डिकीतल्या पाण्याच्या टाकीत सोडली, म्हणजे धूर पाण्यातून गाळून निघेल. टपावर मोठा दिवा लावला. अंधारात दिसावी म्हणून सगळी गाडी पिवळी रंगवली. आणि भोजराजनी स्वतः ड्रायव्हरच्या खिडकीशी एक पितळी घंटा टांगली.

“एक वाजली का थांबायचं,” त्यांनी फोनवर पियुषला शिकवलं. “दोन म्हणजे चाल. आणि तीन म्हणजे माणसं बसली हायेत, हळू चाल. तीन विसरू नको.”

“घंटी पण? वा, एकदम रेट्रो! स्वॅप झालं ना?”

“झालं. कालच चालू केलं.”

“आवाज कैसा है?”

“आवाज? पूरा मोहल्ला बाहेर आलता.”

“आबाजी, आप तो कमाल हो!” पियुष म्हणाला, आणि त्यानं इंदूरच्या सगळ्या मित्रांना कळवून टाकलं की बालाघाटची ॲम्बेसेडर दिवाळीत सगळ्यांना गार करणार. भोजराजनीही मोहल्ल्यात कळवून टाकलं की नातू खाणीत लागला. दोघं आपापल्या जागी अगदी सुखात होते.

दिवाळीच्या दोन दिवस आधी सकाळी पियुष आला. सोबत त्याचा मित्र वीरेंद्र, गळ्यात कॅमेरा. अश्विननं भंगारवाल्याला अकराची वेळ दिली होती आणि तो घड्याळ बघत फाटकाशी उभा होता.

पियुषनं गाडी पाहिली. पिवळा रंग पाहिला, टपावरचा दिवा पाहिला, बॉनेटमधून वर आलेलं इंजिनाचं डोकं पाहिलं. गाडीच्या बाजूला भोजराज उभे होते. इस्त्रीचा खाकी गणवेश, डोक्यावर खाणीचं हेल्मेट, पायांत पॉलिश केलेले जाड बूट.

“आबाजी... हे काय?”

“ड्रिफ्टची गाडी! बस, चालू करून दाखवतो.”

डग् डग् डग् डग् सुरू झालं. मागच्या टाकीत पाणी गुडगुडलं. शेवंताबाईंच्या सुपातले तांदूळ नाचायला लागले. वीरेंद्रनं कॅमेरा हळूच बंद केला.

“माझं इंजिन कुठे आहे?” पियुषचा आवाज रडवेला झाला.

“चैतरामकडे. मस्त धान काढून राह्यलं.”

“धान!” पियुष मटकन पायरीवर बसला. मग त्यानं मोबाइल काढून आजोबांसमोर धरला. पडद्यावर एक गाडी गरगर फिरत होती, धुराचे लोट उठत होते, माणसं किंचाळत होती. “ह्याले ड्रिफ्ट म्हणतात, आबाजी! हे!”

भोजराजनी इंजिन बंद केलं. व्हिडिओ पूर्ण पाहिला. चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

“याले तं आम्ही घसरणं म्हणतो,” ते म्हणाले. डोक्यावरचं हेल्मेट काढून त्यांनी गाडीच्या पुढच्या सीटवर ठेवलं. “माहीच चूक झाली, बाबू. मले वाटलं, तुले माहा ड्रिफ्ट पाहायचा हाये.”

भोजराज आत गेले.

“काहून रे असं केलं?” शेवंताबाई ओसरीतल्या सीटवरून उठल्या. “चार महिन्यांपासून तो माणूस रोज बूट पुसून राह्यला. घरच्यानं कोणी खाण पाहाची म्हणलं, असं पह्यल्यांदा झालं त्याच्या जिंदगीत.”

हे बोलणं पियुषला होतं, पण फाटकाशी उभ्या अश्विननं मान खाली घातली.

पियुषची नजर त्या हेल्मेटवर गेली. मग उठला आणि आतल्या खोलीच्या दारात जाऊन म्हणाला, “आबाजी, चला. इंजिन तर आणावं लागेल ना चैतराममामांकडून. तुम्हीच चालवा.”

गाडी फाटकातून बाहेर पडली तेव्हा अकराला पाच मिनिटं होती. “भंगारवाला आला तं सांगजो,” शेवंताबाईंनी अश्विनला बजावलं, “म्हणा, गाडी ड्युटीवर गेली हाये.”

ड्युटी संथ होती. सायकलवाले पुढे निघून गेले. एक म्हातारी डोक्यावर मोळी घेऊन बराच वेळ बरोबरीनं चालली, मग तिलाही उशीर व्हायला लागला. वीरेंद्र पाइपांच्या पिंजऱ्यात आपलं डोकं सांभाळत बसला होता.

चैतरामच्या गावाच्या अलीकडे लांब उतार आहे. गिरणीच्या इंजिनाचं वजन, वर पिंजऱ्याचं लोखंड, आणि डिकीत पाण्याची टाकी. ॲम्बेसेडर जी सुटली ती सुटलीच. महागूनं सगळं नवं केलं होतं, ब्रेक सोडून. उताराच्या टोकाला वळण, आणि वळणावर डांबरभर वाळत घातलेलं चैतरामचं धान.

“आबाजी, धान!”

“दिसून राह्यलं मले!”

भोजराजनी स्टिअरिंग एका अंगाला ओढलं आणि दुसऱ्या अंगाला सोडलं. गाडीचं मागचं अंग सरकलं, आणि अख्खी ॲम्बेसेडर आडवी झाली. धान दोन्ही बाजूंना उधळलं, कोंड्याचा ढग उठला, गाडीनं एक पूर्ण गिरकी घेतली आणि उकव्याकडे तोंड करून अलगद थांबली. भोजराजनी हात बाहेर काढून घंटा वाजवली. एक.

“रेकॉर्ड झालं,” पिंजऱ्यातून वीरेंद्र कसाबसा म्हणाला. “पूरा का पूरा.”

“आबाजी!” पियुष ओरडला. “हे... हे तुम्ही कुठे शिकले?”

“शिकाचं काय त्यात? पावसाळ्यात खाणीच्या चढावर रोजच घसरत होती ही. साहेबाच्या ड्रायव्हरले जमे नाही, तं मले बोलावत होते.”

कोंडा झटकत चैतराम धावत आला. “भाऊजी! मळलेलं धान पुन्हा कायले मळता?” मग त्यानं पियुषकडे पाहिलं आणि हात जोडले. “आणि बाबू, इंजिन मांगू नको हां. चार गावचं धान पडलं हाये गिरणीत.”

पियुषनं गिरणीकडे पाहिलं. आतून जपानी इंजिनाचा झकास आवाज येत होता आणि दारात पोती घेतलेल्या बायांची रांग होती.

“राहू द्या, मामा,” तो म्हणाला. मग आजोबांकडे वळला. “इथून उकवा किती दूर?”

“चौदा किलोमीटर. पण आत नाही जाऊ देत कोणी आता,” भोजराज पुढे बघतच म्हणाले. “माहा ड्रिफ्ट बंद केला कवाचा. तोंडाशी उभं राह्यता येते. भर उन्हातही आतून थंडी हवा येते.”

पियुषनं सीटवरचं हेल्मेट उचललं आणि स्वतःच्या डोक्यावर घातलं. मग आजोबांसमोरून हात लांबवून त्यानं खिडकीतली घंटा वाजवली. एक, दोन, तीन.

भोजराजनी चष्मा काढून डोळे पुसले आणि गाडी हळू काढली.