समोरासमोरची दोन कोरी पानं

वाटीभर खळ, अजून कोमट.

समोरासमोरची दोन कोरी पानं.

समुद्रापलीकडे दिवस भरत आलेली लेक, पाय सुजलेले, फोनवर रोज एकच प्रश्न, “कधी येताय?”

कपाटात इस्त्री करून टांगलेला नवऱ्याचा एकुलता एक बरा शर्ट.

मेण लावलेला पांढरा दोरा.

दुपारपर्यंत या गोष्टींचा एकमेकींशी काहीएक संबंध नव्हता. दुपारी बायको नवी बॅग आणायला बाहेर पडली आणि जाताना दोघांचे पासपोर्ट नवऱ्याच्या, म्हणजे बाइंडरच्या, कामाच्या टेबलावर ठेवून गेली. उद्या सकाळी व्हिसाच्या कचेरीत हजर व्हायचं होतं. झेरॉक्स आजच काढून ठेवा, असं तिनं जिना उतरता उतरता दोनदा बजावलं. बाइंडरनं दोन्ही वेळा मान डोलावली. ते डोलणं जिन्यातून तिला दिसणार नव्हतं, पण इतक्या वर्षांच्या संसारात मान आपोआप डोलते.

मग त्याचं कोपर वाटीला लागलं.

पुस्तकं चिकटवायची ती खळ बायकोच्या पासपोर्टवर सांडली. त्यानं ओलं फडकं घेऊन ती पुसली. पहिल्यांदा पुसलं तेव्हा खळ गेली. दुसऱ्यांदा पुसलं तेव्हा कव्हर हातात आलं.

*कव्हर सुटलेला, भिजलेला किंवा दुरुस्त केलेला पासपोर्ट स्वीकारला जाणार नाही.*

कचेरीचा हा नियम बायकोनंच त्याला मोठ्यानं वाचून दाखवला होता. नवा पासपोर्ट काढायचा तर आठवडे जाणार, आणि बाळ काही सरकारी कामकाजाच्या वेळा बघून येणार नव्हतं. दुसरा कुणी असता तर डोक्याला हात लावून बसला असता. हा बाइंडर. वाळवीनं चाळण केलेले ग्रंथ यानं उभे केलेले. त्यानं सुटलेलं कव्हर उजेडात धरलं आणि त्याच्या तोंडून आपसूक निघालं, “अस्तरच किती पातळ वापरलंय यांनी.”

सरकारची चूक सुधारायच्या भरात त्याचा हात चांगलाच चालला. शिवणीला मेणाचा दोरा भरला, आतलं अस्तर नव्यानं डकवलं. मूळचं कसं होतं ते नेमकं कळावं म्हणून स्वतःचा पासपोर्ट शेजारी उघडून ठेवला. तो जवळजवळ भरलेला होता. एका छापखान्याच्या मालकाबरोबर पुस्तकांची प्रदर्शनं करत बाइंडर देशोदेशी हिंडला होता आणि पानोपानी शिक्के घेऊन आला होता. समोरासमोरच्या कोऱ्या पानांची एकच जोडी उरली होती. व्हिसाला तेवढीच लागते. आहे ना, याची त्यानं पुन्हा एकदा बोटानं उलटून खात्री करून घेतली.

तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. त्यानं दोन्ही पासपोर्ट मिटले, पुस्तकं दाबायच्या लोखंडी प्रेसमध्ये सरकवले आणि होता नव्हता तो जोर लावून प्रेस आवळला.

“झेरॉक्स?” बायकोनं विचारलं.

कचेरीच्या दारातच दुकान आहे, तो म्हणाला. ती नव्या बॅगेचं कुलूप खटाखट लावून-उघडून बघत बसली. तो खटका त्याला रात्रभर ऐकू येत होता.

सकाळी त्यानं तिचा पासपोर्ट चष्मा लावून सगळ्या बाजूंनी तपासला. कुठं सुरकुती नाही, डाग नाही. स्वतःचा उघडून बघायचं काही कारणच नव्हतं.

कचेरीत काचेपलीकडच्या बाईंनी आधी बायकोचा पासपोर्ट घेतला. कव्हर वाकवलं. पाठीवरून नख फिरवलं. दिव्याखाली धरला. बाइंडरच्या बऱ्या शर्टाची पाठ ओली झाली.

“छान जपलाय हो काकू. नाहीतर लोक काय अवस्थेत आणतात.”

तिच्या अर्जावर शिक्का पडला. बाई आता बाइंडरचा पासपोर्ट चाळत होत्या. पुढून मागे, मागून पुढे.

“काका, यात समोरासमोर दोन कोरी पानं नाहीत.”

“आहेत की,” बायको म्हणाली.

“नाहीत हो. आणि हे पान जरा जाड लागतंय का?”

बाइंडरला आपलं बोट आठवलं. पानं उलटणारं, खळीनं माखलेलं. त्यानंतरचा रात्रभरचा प्रेस. ती दोन पानं आता जन्मात सुटायची नव्हती. हाताला यश होतं त्याच्या. बाईंचा अंगठा त्या जाड पानाची कड चाचपत होता. पानांवर आकडे छापलेले असतात. तेरानंतर एकदम सोळा आलेले त्यांना दिसले, तर त्या विचारणार, चिकटलं कसं. खळ म्हटलं की पुढचा प्रश्न, कसली खळ, काय चिकटवत होता. आणि बायकोचा पासपोर्ट अजून त्यांच्याच टेबलावर, शिक्क्याची शाई ओली.

“नाहीत पानं,” तो म्हणाला. काचेखालून हात घालून त्यानं आपला पासपोर्ट जवळजवळ ओढूनच घेतला. “भरलाय तो. माझ्याच मोजण्यात चूक झाली. हिचं तेवढं करा.”

बाईंनी खांदे उडवले. नवा काढा आणि मग या, म्हणाल्या, आणि काकूंचा पासपोर्ट मागच्या पेटीत टाकला.

बायको आधी बाहेर फुटपाथवर आली. मग तिनं सुरुवात केली. तिथं एकटीनं उतरायचं, ते भलंमोठं विमानतळ, जावयासमोर काय सांगायचं, लेकीला काय सांगायचं, सगळं झालं. तो खिशातल्या पासपोर्टवर हात ठेवून ऐकत राहिला.

“जन्मभर लोकांच्या पुस्तकांची पानं मोजलीत,” ती शेवटी म्हणाली. “घरची दोन मोजता आली नाहीत तुम्हाला.”

“नाही आली,” तो म्हणाला.

तिनं त्याच्याकडे पाहिलं. हा माणूस चूक कबूल करतोय म्हणजे याला बरं नसणार, असं वाटून तिनं त्याच्या हातातली पिशवी काढून घेतली.

लेक त्या पहाटेच बाळंत झाली होती, सुखरूप. जावयाचा फोन आला तेव्हा दोघांचे फोन कचेरीच्या दाराशी पहारेकऱ्याकडे जमा होते, आणि ते परत घ्यायचं अजून कुणाला सुचलं नव्हतं.