सासऱ्यांना घालवण्यासाठी मी पृथ्वी मोजली

त्या दिवशी मी फक्त 'हाज, मोबाईलचा आवाज जरा कमी करता का?' एवढंच म्हणायला हवं होतं. माझ्या ऑफिसात शिपाईसुद्धा साहेबाला असंच गोडीत सांगतो. पण माझी जीभ माझ्या ताब्यात असती तर मी पाणीपुरवठा खात्यात वीस वर्षं एकाच टेबलाला चिकटून राहिलो नसतो. मी म्हणालो, "हाज, ह्या सगळ्या थापा आहेत."

'ह्या सगळ्या' म्हणजे पृथ्वी सपाट असल्याचे व्हिडिओ. आणि हाज म्हणजे हाज बय्यूमी, माझे सासरे (आमच्याकडे वडीलधाऱ्यांना मानानं हाज म्हणतात). आयुष्यभर अलेक्झांड्रियात ट्राम चालवून निवृत्त झालेले. शहरातल्याच बाकोस भागातल्या त्यांच्या तळमजल्यावरच्या घराला रंग द्यायचा होता म्हणून ते आमच्याकडे राहायला आले. रंग आठवड्याभरात वाळला. हाज दोन महिने झाले तरी इथेच. सिदी बिश्रला आठव्या मजल्यावर आमचं घर, त्याला समुद्राकडची एकच बाल्कनी आणि बाल्कनीत एकच वेताची खुर्ची. ऑफिसातून आल्यावर त्या खुर्चीत बसून वारा खाणं एवढंच माझं जगातलं सुख होतं. त्या खुर्चीत आता हाज बसत. मी उंबऱ्यावर उकिडवा बसून त्यांच्या पाठीमागून येईल तेवढा वारा घ्यायचो. (ते अंगानं चांगले भरलेले आहेत. फार वारा येत नसे.)

"थापा?" हाजनी चष्मा कपाळावर चढवला. "अडतीस वर्षं ट्राम चालवली मी. रम्ल ते व्हिक्टोरिया, व्हिक्टोरिया ते रम्ल. पृथ्वी गोल असती तर एका टोकाला ट्राम घरंगळली नसती का?"

"पृथ्वी फार मोठी आहे हो. तिचा बाक तेवढ्यात कळत नाही."

"तुला कळला का?"

"मला नाही, पण शास्त्रज्ञांना..."

"त्यांनी ट्राम चालवलीय?"

मी कलिंगड आणलं. बर्फासारखं गार, आमच्याकडे उन्हाळ्यात पांढऱ्या चीजबरोबर खातात तसलं. त्यावर बोट फिरवून हे आपलं शहर, हे अस्वान, इकडे सूर्य, असं सगळं समजावून सांगितलं. हाजनी शांतपणे ऐकलं, सुरी घेतली आणि उत्तर गोलार्ध खाऊन टाकला.

बरं, एकाच मतावर राहतील तर शपथ! सोमवारी पृथ्वी सपाट असायची, गुरुवारी पोकळ. आत म्हणे माणसं राहतात आणि आपल्यापेक्षा सुखात राहतात. मी म्हणालो, "हाज, सपाट वस्तू पोकळ कशी असेल?" ते म्हणाले, "बिस्किटांचा डबा पाहिला नाहीस कधी? वरून सपाट, आतून पोकळ." मग मी म्हणालो, "अस्वानला दुपारची अजान आपल्या आधी होते, ती का? सूर्य तिकडे आधी डोक्यावर येतो म्हणून ना?" तर म्हणाले, "तिकडची माणसं घाईची आहेत."

भीक नको पण कुत्रा आवर, अशी माझी गत झाली. आणि त्याच भरात मी ते वाक्य बोलून बसलो. "सिद्ध करून दाखवू?"

हाज खुर्चीत सावरून बसले. "दाखव. तुझ्या पुस्तकात पृथ्वीचा घेर किती लिहिलाय?"

"चाळीस हजार किलोमीटर."

"मोज. दोन-तीन हजार इकडेतिकडे झाले तर सोडून देईन. जिंकलास तर मी त्याच संध्याकाळी बॅग उचलून बाकोसला जातो. हरलास तर पुढच्या रमजानपर्यंत ही खुर्ची माझी. आणि पुन्हा आवाजाचं नाव काढायचं नाही."

रमजान आठ महिने लांब होता. पण मी हात पुढे केला. स्वयंपाकघरातून माझी बायको इनायात बाहेर आली. माझ्याकडे आपादमस्तक पाहत म्हणाली, "शौकी, माझ्या वडिलांना घालवायला तू पृथ्वी मोजणार?"

"विज्ञानासाठी," मी म्हणालो.

"मासे आणायला सांगितलं की तुला उन्हाचा त्रास होतो."

पृथ्वी मोजायची युक्ती आमच्याच शहरातली, दोन हजार वर्षांहून जुनी. एकवीस जूनच्या दुपारी सूर्य अस्वानला जवळजवळ डोक्यावर असतो, काठीची सावली पडतच नाही. आमच्याकडे थोडी पडते. दोन्ही सावल्यांवरून दोन कोन काढायचे, त्यांतला फरक काढायचा, दोन गावांमधलं अंतर माहीत असलं की झाला सगळ्या पृथ्वीचा हिशेब. माझा मेहुणा रिफअत अस्वानला एका हॉटेलात आचारी आहे. त्याला फोन केला. एक मीटरची काठी उभी कर, तुमच्याकडची अजान झाली की सावली मोज, एवढंच काम. तो म्हणाला, "भावजी, हे कशासाठी?" मी म्हणालो, "तुझे वडील तुझ्याकडे राहायला येऊ नयेत म्हणून." तो म्हणाला, "दोन काठ्या उभ्या करतो."

शनिवारी एकवीस जून आला. सुट्टीच होती. मी इनायातच्या फरशी पुसायच्या काठीचा बरोबर एक मीटरचा तुकडा कापला. (ती त्या वेळी बाजारात होती. आल्यावर जे बोलली ते विज्ञानाच्या इतिहासात नोंदवण्यासारखं नाही.) सुताराकडून काटकोन तपासायचा गुण्या आणला आणि गच्चीवर डिश अँटेनांच्या गर्दीत काठी अशी उभी केली की चारी बाजूंनी गुण्या लावला तरी केसभर फट दिसू नये. आयुष्यात मी एवढं सरळ काम कधी केलं नव्हतं.

इमारतीचा दरवान, जाबिरकाका, याला मी फक्त गच्चीची किल्ली मागितली होती. त्यानं सगळ्या मजल्यांवर वर्दी दिली. साडेबारापर्यंत गच्चीवर चाळीस माणसं, चहाचे तीन ट्रे आणि सूर्यफुलाच्या बियांचा ढीग. निम्मे लोक माझ्या बाजूचे, निम्मे हाजच्या. मधोमध वेताची खुर्ची, तीत हाज. जाबिरकाका त्यांच्यावर छत्री धरून उभा. खिशाला पेन दिसलं की आमच्याकडे माणसाला बाशमुहंदिस म्हणजे इंजिनिअरसाहेब म्हणतात, त्यामुळे सगळीकडून 'बाशमुहंदिस, सावली तुमच्या पोटाची मोजू नका हं!' असे सल्ले येत होते.

रिफअतचा फोन आला. "भावजी, अजान झाली! सावली एक सेंटिमीटर! इथे पंचेचाळीस डिग्री आहे, माझ्या टाळूचं ऑम्लेट झालंय, मी आत चाललो!"

दहा-बारा मिनिटांनी आमच्या मशिदीतून अजान झाली. मी गुडघ्यांवर बसून फूटपट्टी लावली. दहा सेंटिमीटर.

कागदावर त्रिकोण काढले, कोनमापक लावला. फरक पाच अंशांचा. अंतर आठशे पंचेचाळीस किलोमीटर. गुणाकार केला, पुन्हा केला. मग फोनवर केला. मग उलटा केला.

"किती आले?" हाजनी विचारलं.

"थोडे जास्त."

"किती?"

"साठ हजार."

गच्चीवर जो हशा उसळला तो समुद्रापलीकडे ग्रीसमध्ये ऐकू गेला असेल. "वीस हजार किलोमीटरनी फुगली!" हाज गुडघ्यावर थापा मारत म्हणाले. "उन्हानं फुगली असेल, कणकेसारखी!" मी म्हणालो, सुताराचा गुण्या चुकीचा असेल, फूटपट्टी लहान असेल, रिफअत खोटं बोलत असेल. हाज उठले, माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं! चल, जाबिर, खुर्ची खाली घे. रमजानपर्यंत जपून वापरायची आहे."

मला खरंच रडू येत होतं. खुर्ची गेली त्याचं दुःख होतंच. पण दोन हजार वर्षांपूर्वी एका माणसाला ह्याच गावात जमलं, ते मला गुण्या लावूनही जमू नये, याची लाज जास्त होती. गच्ची रिकामी झाली. इनायात तेवढी माझ्याजवळ थांबली. तिनं काठीकडे पाहिलं, मान तिरकी केली.

"काठी गच्चीला काटकोनात आहे ना?"

"केसभरही फरक नाही."

"आणि गच्ची?"

"गच्चीचं काय?"

"गच्ची सपाट आहे हे कोणी मोजलं?"

ती खाली जाऊन पितळी खलाचा बत्ता आणि लोकरीचा धागा घेऊन आली. बत्ता धाग्याला बांधून काठीच्या टोकाला लटकावला. गवंड्याचा ओळंबाच म्हणा. झोके थांबले तेव्हा बत्ता काठीच्या बुडापासून चांगला दोन बोटं लांब होता. माझी काठी सूर्याकडे झुकली होती. काठी म्हणजे गच्ची, आणि गच्ची म्हणजे...

सगळी इमारतच कललेली! मग एकेक आठवायला लागलं. फ्रिजच्या एका पायाखाली इनायातनं पुठ्ठ्याच्या चार घड्या घातल्या होत्या आणि मी कंपनीला शिव्या देत होतो. जमिनीवर पडलेला कांदा दर वेळी दक्षिणेच्याच कोपऱ्यात सापडायचा. मी झोपेत तिच्या अंगावर घरंगळतो म्हणून अकरा वर्षं बोलणी खात होतो!

"म्हणजे ते माझं प्रेम नव्हतं," मी म्हणालो.

"मला कधी वाटलंच नव्हतं," ती म्हणाली.

रविवारी मी ऑफिसला रजा टाकली. दुपारच्या सूर्याची उंची एका दिवसात फारशी बदलत नाही. या वेळी काठी बत्त्याच्या धाग्याला धरून उभी केली. अजान झाली. सावली साडेतेरा सेंटिमीटर, रिफअतच्या कालच्या सावलीशी फरक सात अंशांहून थोडा जास्त, घेर बेचाळीस हजार आठशे! गच्चीवर कालचेच चाळीस लोक नाचायला लागले. कोणीतरी मला खांद्यावर घेतलं. मी वरून ओरडलो, "हाज! अंगण खरंच वाकडं होतं!"

हाज शब्दाचे पक्के. त्यांनी आकडेमोड स्वतः तपासली, ट्रामच्या हिशेबवहीसारखी बोट ठेवून ठेवून. मग म्हणाले, "गोल आहे बुवा," आणि बॅग भरायला खाली गेले. त्या संध्याकाळी मी वेताच्या खुर्चीत बसलो. वारा थेट छातीवर येत होता. असा वारा मी जन्मात खाल्ला नव्हता. मी इनायातला म्हणालोसुद्धा, "बघ, विज्ञान कधी वाया जात नाही."

पृथ्वी गोल आहे यावर त्या गच्चीवरच्या चाळीस जणांपैकी एकानंही नंतर चर्चा केली नाही. इमारत वाकडी आहे यावर मात्र सगळ्यांनी केली. जाबिरकाकानं चहावाल्याला सांगितलं, चहावाल्यानं गल्लीला. मंगळवारी पालिकेचा एक इंजिनिअर आला. खराखुरा, खिशाला पेन नसलेला. त्यानं तिपाईवरच्या दुर्बिणीतून इमारतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"हे कोणाच्या लक्षात आलं?"

"माझ्या," मी छाती काढून म्हणालो. (बायकोचं नाव घेण्याची बुद्धी मला अशा वेळी होत नाही.)

"शाबास, बाशमुहंदिस. वरचा मजला जवळपास दोन हात बाहेर आलाय. सगळी इमारत परवापर्यंत रिकामी करा. पाया दुरुस्त व्हायला वर्ष लागेल."

सोळा कुटुंबं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहत होती, ती मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. जाबिरकाका आता मला बाशमुहंदिस म्हणत नाही. काय म्हणतो ते लिहिण्यासारखं नाही.

हल्ली आम्ही बाकोसला राहतो. तळमजला, ताजा रंग, बाल्कनी नाही. हाजनी मोठ्या मनानं आम्हाला आतली खोली दिली. पृथ्वी गोल असल्याचं ते आता कॉफीहाउसात रोज नव्या माणसाला पटवून देतात. पृथ्वी त्यांनीच मोजली आणि काठी धरायला जावई होता, अशी हकिगत मी स्वतः चार वेळा ऐकली आहे.

काल दुपारी मी जरा डोळा लावून पडलो होतो, तर बाहेरच्या खोलीत मोबाईल पुन्हा मोठ्यानं बोलायला लागला. हाजनी हाक मारली. "शौकी, हे ऐक! चंद्र आतून पोकळ आहे म्हणतात. घंटेसारखा. तुझं काय म्हणणं?"

मी ताडकन उठून बसलो. तोंड उघडलंच होतं, एवढ्यात इनायातनं कपड्यांच्या घडीवरून नजर न उचलता माझा हात घट्ट धरला.

"शौकी," ती हळूच म्हणाली, "जायला आता दुसरं घर नाही."

मी बाहेर गेलो. हाजच्या शेजारी जमिनीवर बसलो आणि म्हणालो, "पोकळच आहे, हाज. आतून माणसांचे आवाजसुद्धा येतात म्हणे."